सुरक्षेचा पैसा आणि मतदाराची पात्रता

सैन्य, सीमा आणि पोलीस यांच्या खर्चाला कायदेमंडळात सहसा कोणी नाही म्हणत नाही. मतदार कोणाला म्हणायचे, यावर मात्र क्वचितच एकमत होते. या दोन गोष्टी एका विधेयकात घातल्या की पहिलीच्या जोरावर दुसरी पार पडते. दुसरीला विरोध करणारा सैनिकाच्या पगाराआड आला, असे म्हणायला सरकार मोकळे राहते. लग्नात मुंज उरकून घ्यावी तसा हा प्रकार असतो. फरक इतकाच की मुंजीला ज्यांची हरकत होती, तेही लग्नाच्या आमंत्रणावरून मांडवात आलेले असतात आणि तिथून उठून जाणे त्यांना शोभत नाही.

युक्ती जुनीच आहे. रोमन प्रजासत्ताकाने इ.स.पू. ९८ मध्ये एक कायदा करून परस्परांशी संबंध नसलेल्या तरतुदींची मोट बांधून विधेयक मांडण्यास बंदी घातली. त्याच कायद्याने विधेयक जाहीर होणे आणि त्यावर मत घेणे यांत ठरावीक अंतर ठेवणे सक्तीचे केले. दोन्ही बंधने एकत्र आली हा योगायोग नव्हता. मोट बांधणाऱ्याला नेहमी घाईही असते.

आजच्या काळात या प्रकाराचे मोठे घर म्हणजे अमेरिकेची काँग्रेस. तिथल्या चाळीसहून अधिक राज्यांच्या संविधानांत एका विधेयकात एकच विषय असावा असा दंडक आहे, पण खुद्द काँग्रेसवर तसे बंधन नाही. विधेयकातली नको ती खर्चाची बाब तेवढी खोडण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना १९९६ च्या एका कायद्याने मिळाला होता, तोही १९९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. संरक्षणाचा वार्षिक कायदा दरवर्षी मंजूर होतोच, म्हणून ज्याला त्याला आपले कलम त्यात घालायचे असते. ऑक्टोबर २००९ मध्ये त्यात ‘मूव्ह’ नावाचा मतदानविषयक कायदा आला. परदेशी तळांवरच्या ज्या सैनिकांनी मतपत्रिका मागितली असेल, त्यांना ती निवडणुकीच्या किमान ४५ दिवस आधी धाडणे राज्यांवर बंधनकारक झाले. सप्टेंबर २०२४ मधली जोडणी वेगळ्या जातीची होती. सरकारी कामकाज चालू राहावे म्हणून सहा महिन्यांच्या हंगामी निधीचे विधेयक आले आणि सभापती माइक जॉन्सन यांनी त्याला ‘सेव्ह’ विधेयक जोडले. मतदार म्हणून नाव नोंदवताना नागरिकत्वाचा कागदी पुरावा द्यावा, ही त्यातली अट. १८ सप्टेंबरला हे जोडविधेयक प्रतिनिधीगृहात २०२ विरुद्ध २२० मतांनी पडले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये ‘सेव्ह’ विधेयक एकटेच त्या सभागृहात मंजूर झाले, म्हणजे त्याला निधीच्या कुबड्यांची गरज नव्हतीच.

या दोन उदाहरणांतून एक साधी कसोटी मिळते. एकाच विधेयकातल्या दोन कलमांचे समर्थन एकाच कारणाने करता येते का? सैनिकाला पगार का द्यायचा आणि त्याला मतपत्रिका वेळेवर का पोचवायची, याचे उत्तर एकच आहे: तो घरापासून दूर देशाच्या कामावर आहे. सरकारी दवाखाने चालू का राहावेत आणि मतदाराने जन्मदाखला का दाखवावा, यांची उत्तरे मात्र कितीही ताणली तरी एकमेकांना भेटत नाहीत. म्हणून जोडणीमात्र वाईट असे म्हणता येत नाही. नाते नसलेल्या कलमांना एका दाव्याला बांधणे वाईट.

भारताच्या संविधानाने ही वाट वरवर पाहता बंद केलेली आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी रुपये ठेवले गेले. हा पैसा अनुदानाच्या मागण्यांतून आणि त्यानंतर विनियोजन विधेयकातून मंजूर होतो. अनुच्छेद ११४ नुसार त्या विधेयकात रकमेचा आकडा किंवा तिचा उद्देश बदलणारी दुरुस्ती सुचवता येत नाही, तिथे दुसऱ्या विषयाचे कलम शिरणार कुठून? मतदाराची पात्रता अनुच्छेद ३२६ ने आणि लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० ने ठरते. दोघांचे दरवाजे वेगळे आहेत.

पण भिंतीला एक फट आहे. ज्या विधेयकात फक्त कर, कर्ज, संचित निधीतला खर्च आणि त्यांना लागून येणाऱ्या बाबी असतात, ते अनुच्छेद ११० प्रमाणे धन विधेयक ठरते. राज्यसभा त्यावर १४ दिवसांत फक्त शिफारशी करू शकते, त्या मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. विधेयक धन विधेयक आहे की नाही याचा निर्णय लोकसभेच्या अध्यक्षांचा. या फटीतून बरेच काही आत आले. २०१७ च्या वित्त कायद्याने लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये दुरुस्ती करून निवडणूक रोख्यांना वाट दिली. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती योजना घटनाबाह्य ठरवली. १४ मार्च २०१८ रोजी तर लोकसभेने वित्त विधेयक आणि विनियोजन विधेयके गोंधळात, चर्चेविना मंजूर केली, आणि राजकीय पक्षांना आलेल्या परदेशी देणग्यांना थेट १९७६ पासून मागे जाऊन माफी देणारे कलम त्याच ओघात निघून गेले. परदेशी पैशावरचा तो कायदा मुळात देशाच्या सुरक्षेच्या नावाने केलेला, हे इथे विसरून चालणार नाही.

निधी, राष्ट्रीय सुरक्षा आणि मतदार यादी ही तिन्ही टोके जिथे एकत्र येतात, ते भारतातले उदाहरण आधारचे आहे. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. कायदा मागाहून, मार्च २०१६ मध्ये आला आणि तो धन विधेयक म्हणून आला. अनुदानाचा पैसा संचित निधीतून जातो, लाभार्थी ओळखण्यासाठी आधार लागतो, म्हणून आधार हाही खर्चाचाच विषय, असा युक्तिवाद होता. त्याच कायद्यात राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणासाठी नागरिकाची माहिती उघड करण्याची मुभा देणारे कलम ३३(२) होते. १६ मार्चला राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या. त्यांतली एक नेमकी या कलमावर होती. ‘राष्ट्रीय सुरक्षा’ या ऐसपैस कारणाऐवजी अधिक आखीव कारण घालावे, असे तिचे म्हणणे होते. लोकसभेने त्याच दिवशी पाचही फेटाळल्या. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक मताने कायदा धन विधेयक म्हणून ग्राह्य धरला, पण ३३(२) जसे होते तसे ठेवले नाही. विरोधी मत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचे होते. अनुदानासाठी म्हणून जन्मलेला हा क्रमांक पुढे मतदार यादीपर्यंत पोचला, आणि तो प्रवासही एका जोडविधेयकातूनच झाला.

निवडणूक कायदे (सुधारणा) विधेयक २० डिसेंबर २०२१ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी आवाजी मतदानाने मंजूरही झाले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत. त्यात चार गोष्टी होत्या. पहिली सैनिक मतदारांची. तोपर्यंत जवानाच्या पत्नीला सेनादलातील मतदार म्हणून नोंदवता येत असे, महिला अधिकाऱ्याच्या पतीला नाही. ती विषमता दूर झाली. दुसरी, वयाची १८ वर्षे मोजण्यासाठी १ जानेवारी या एकाच तारखेऐवजी वर्षातून चार तारखा. तिसरी, मतमोजणी, यंत्रांची साठवण आणि सुरक्षा दलांचा मुक्काम यांसाठी जागा ताब्यात घेण्याचा अधिकार. चौथी, मतदार नोंदणीला आधार क्रमांक जोडण्याची. पहिल्या तिन्हींना विरोध करण्यासारखे फारसे काही नव्हते. सगळा वाद चौथीचा होता आणि विधेयक स्थायी समितीकडे पाठवा, ही विरोधकांची मागणी तिच्यासाठीच होती. आधार क्रमांक देता आला नाही म्हणून नाव काढले जाणार नाही, असे कायद्यात लिहिले आहे खरे; पण त्यासाठी ‘पुरेसे कारण’ हवे आणि ते कारण नियमांनी ठरवायचे. २०२२ च्या नियमांनी आलेल्या नमुना ६-ब वर मात्र मतदाराला आधार क्रमांक द्या, नाहीतर आधारच नाही असे सांगा, एवढेच दोन पर्याय होते. आधार आहे पण द्यायचा नाही, असे म्हणणाऱ्याला खूण करायला चौकटच नव्हती. आधार देणे सक्तीचे नाही, हे निवडणूक आयोगाने सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयात सांगितले, तेव्हा ६६ कोटींवर क्रमांक गोळा झालेले होते. समितीपुढे चार बैठका झाल्या असत्या तर ही राहिलेली चौकट कुणाच्या तरी नजरेस पडली असती. जोडविधेयकात खर्ची पडतो तो हा वेळ.

सुरक्षा आणि मताधिकार यांची गाठ महाराष्ट्राला नवी नाही. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलसाठी ग्रामीण भागात मत मिळे ते बहुतेक जिल्ह्यांत किमान ३२ रुपये शेतसारा भरणाऱ्याला. त्याला अपवाद होता निवृत्त किंवा पेन्शनर सैनिकाचा. सारा कितीही असो, तो मतदार. १९३५ च्या कायद्याने साऱ्याची अट आठ रुपयांवर आली आणि सैनिकाच्या पेन्शनर विधवेला व आईलाही मत मिळाले. पहिल्या महायुद्धात पंजाबइतकी नसली, तरी मराठी मुलखातूनही भरती झाली होती. तिची ही परतफेड. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरातल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांच्या नावावर असलीच तर हलकी वरकस जमीन असे. साऱ्याच्या अटीत ती बसण्यासारखी नव्हती आणि पेन्शनीचे कागदही त्यांच्याकडे नव्हते. मतदार ठरायला राज्याच्या दफ्तरात आधीच नोंद असावी लागे, आणि ज्यांची नोंद नव्हती ते मतापासूनही लांब राहिले. प्रौढ मताधिकाराने ही अट काढून टाकली. पुराव्याचा प्रश्न मात्र पहिल्या निवडणुकीपासूनच उभा राहिला. १९५१-५२ च्या यादीत स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली होती.

आज जुन्नर हा विधानसभेचा १९५ वा मतदारसंघ आहे आणि आंबेगाव १९६ वा. दोन्ही तालुके पूर्व-पश्चिम असे दुभंगलेले आहेत. पूर्वेला कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावरचा ऊस, द्राक्षे, टोमॅटो, नारायणगाव आणि मंचरच्या बाजारपेठा. पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्याला लागून हातवीज, आंबे, इंगळून, घाटघर, आहुपे, तिरपाड. भातकापणी झाली की पश्चिमेकडची माणसे कामासाठी खाली उतरतात. नारायणगावात सकाळी मजुरांचा बाजार भरतो. बागाईतदार येतो, हजेरी ठरते, माणसे गाडीत बसतात. काही कुटुंबे शेतातल्या खोपीवर आठवडेच्या आठवडे राहतात आणि हिरड्याच्या वेळी घरी परततात. तात्पुरते बाहेर गेल्याने माणसाचे मूळ गावचे रहिवासीपण तुटत नाही, असे १९५० च्या कायद्याचे कलम २० स्पष्ट सांगते. पण घरोघरी पडताळणीला निघालेली अंगणवाडीताई किंवा शिक्षक दाराशी येतात तेव्हा दाराला कडी असते. नाव वगळण्याची नोटीस त्याच दारावर लागते आणि म्हणणे मांडायची मुदत खोपीवर भरते.

कागदांची कथा याहून लांबची आहे. डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले. घोड नदीच्या खोऱ्यातले अनेक विस्थापित वरच्या अंगाला सरकले आणि पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत पीक घेत राहिले. घराचा उतारा, घरपट्टीची पावती या गोष्टी ज्या गावाच्या नावाने होत्या ते गाव तळाशी गेले. आंबेगाव तालुक्यातल्याच माळीणवर ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळला. गाव नाहीसे झाल्याचे बाहेरच्या जगाला कळले ते तिथून जाणाऱ्या एसटीच्या चालकामुळे. दीडशेवर माणसे गेली आणि गाडल्या गेलेल्या घरांबरोबर त्यांतली शिधापत्रिका, सातबारा, मतदान कार्डेही गेली. त्यानंतर अडीच महिन्यांत, १५ ऑक्टोबरला विधानसभेचे मतदान होते. नागरिकत्वाचा कागद नाही म्हणजे नागरिकत्व संशयास्पद, हे समीकरण अशा गावाला लावून पाहिले की त्यातला पोकळपणा लगेच कळतो.

निवडणूक आयोगाने जून २०२५ मध्ये बिहारमध्ये मतदार यादीची विशेष सखोल पडताळणी सुरू केली तेव्हा अकरा कागदांची यादी दिली. पासपोर्ट, जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र, जातीचा दाखला, वनहक्काचे प्रमाणपत्र वगैरे. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेनुसार एका किंवा दोन्ही पालकांचाही पुरावा लागणार होता. प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे नव्हती. आधार हा बारावा कागद म्हणून घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाला ८ सप्टेंबरला सांगावे लागले, आणि गंमत अशी की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधारच्याच कायद्यात लिहिलेले आहे. ही यादी आहुपे किंवा अंजनावळे इथे बसून वाचली तर काय दिसते? पासपोर्ट विरळा. घरी बाळंतपण झालेल्यांचा जन्मदाखला अनिश्चित. जातीचा दाखला मात्र अनेकांकडे असतो, आणि तो मिळवताना त्यांनी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा आधीच शोधलेला असतो. ‘पन्नासपूर्वीचा पुरावा’ हा या भागातला रोजचा शब्द आहे. तो शोधायला तहसील कचेरीत गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, धुंडाळावे लागते. त्यात नोंद सापडली तरी ती अमक्या बापाला मुलगा झाला इतकीच असते. मुलाचे नाव नसते. भावंडे चार असली की ही नोंद कुणाची, यावर जातपडताळणी समितीपुढे पुन्हा सुरुवात. लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते, काही घरांत पहिलेही. मग शाळेचा दाखला एका नावाचा आणि मतदान कार्ड दुसऱ्याच नावाचे. ‘सेव्ह’ विधेयकावर अमेरिकेत झालेल्या टीकेतही माहेरच्या नावाचा जन्मदाखला आणि सासरचे नाव हा मुद्दा होताच.

बिहारच्या यादीत वनहक्क प्रमाणपत्र होते म्हणून पट्टेधारकाची सोय झाली असती. ते नसते तर तोच माणूस, त्याच गावात, त्याच घरात, अपात्र ठरला असता. कायद्याचे शीर्षक काय आहे याला म्हणूनच फारसा अर्थ नसतो. कोणाचे मत राहते आणि कोणाचे जाते ते परिशिष्टातल्या यादीवर ठरते, आणि यादी ही घाईत कोणी वाचत नाही. सुरक्षेच्या नावाने आलेल्या विधेयकात तर ती वाचायची मागणी करणेही अवघड होऊन बसते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई आणि दिल्लीतल्या वस्त्यांमधल्या मतदारांना पोलीस अहवालांच्या आधारे नोटिसा गेल्या होत्या. ज्यांचे नाव आधी यादीत होते त्यांच्या बाजूने गृहीत धरावे, आणि कोणताही एकच ठरावीक कागद मागून बाकीचा पुरावा डावलू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लालबाबू हुसेन प्रकरणात म्हटले. हा निकाल अजूनही चांगला आहे. फक्त त्याचा उपयोग करून घ्यायला वकील लागतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या सखोल पडताळणीच्या दुसऱ्या टप्प्यात १२ राज्ये व केंद्रशासित प्रदेश होते, त्यांत महाराष्ट्र नव्हता. इथे त्या काळात वाद गाजला तो दुबार नावांचा. ती तक्रार खोटी नव्हे. दुबार नाव काढलेच पाहिजे. यादी स्वच्छ असावी ही मागणी आणि यादीतून गरीब निसटू नये ही मागणी परस्परविरोधी नाहीत, पण एकीसाठी यंत्र पुरते, दुसरीसाठी माणूस पाठवावा लागतो. आंबेगावात नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत दिलीप वळसे पाटील १,५२३ मतांनी निवडून आले, आणि पराभूत उमेदवाराच्या नावाशी साधर्म्य असलेल्या एका अपक्षाने त्याहून जास्त मते घेतली होती. इतक्या बारीक फरकाच्या मतदारसंघात डोंगरातल्या मोजक्या वाड्यांची नावे राहणे वा जाणे ही किरकोळ बाब उरत नाही.

याच गावांतून सैन्यात गेलेल्या मुलाची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. तो नमुना २ भरतो आणि आपल्या गावच्या यादीत सेनादलातील मतदार म्हणून राहतो. २०१६ पासून मतपत्रिका त्याला इलेक्ट्रॉनिक मार्गाने जाते, टपालाने परत येते. वाटल्यास तो गावातल्या माणसाला प्रॉक्सी नेमतो. प्रॉक्सी त्याचे मत देतो तेव्हा शाई तर्जनीला न लावता डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावतात, म्हणजे त्याचे स्वतःचे मत शाबूत राहते. दूर असलेल्या माणसाचे मत गावी पोचवायचे ठरवले तर राज्य किती बारकाईने विचार करू शकते, याचा हा नमुना. पोटासाठी दूर गेलेल्या माणसासाठी असा विचार एकदाच झाला. निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचे प्रात्यक्षिक राजकीय पक्षांपुढे ठेवले. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान होईल अशी ती योजना होती. पक्षांनी शंका काढल्या, काही रास्तही होत्या. २०२४ ची लोकसभा त्या यंत्राविना झाली. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले तेव्हा पूर्वेकडे विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या ऊसतोडीचे दिवस तोंडावर आले होते. कोयता घेऊन बीड, अहिल्यानगरकडून या पट्ट्यात येणाऱ्या टोळ्यांना मत द्यायचे तर मतदानाच्या दिवशी गावीच असणे भाग होते.